ताणलेली मैत्री, क्षमा आणि श्रद्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैत्रीत तेढ आली, की श्रद्धावान माणसाच्या मनात एक वेगळीच ओढाताण सुरू होते. मन दुखावलेले असते आणि त्याच वेळी ‘क्षमा करावी’ ही लहानपणापासून ऐकलेली शिकवणही गप्प बसू देत नाही. या ओढाताणीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती देताना वेगवेगळ्या धर्मपरंपरांचा आधार घेतला आहे. ‘मित्र’ हा शब्द येथे मित्र आणि मैत्रीण अशा दोघांसाठीही वापरला आहे.

मी देवाजवळ मनापासून क्षमा मागितली आहे. तरीही मित्राकडे जाऊन वेगळी माफी मागण्याची गरज आहे का?

होय, आहे. याबाबतीत एरवी परस्परांपासून दूर असलेल्या परंपरांमध्येही विलक्षण एकमत आढळते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशू सांगतो, की अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे याची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मग परत येऊन ते वाहावे. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातील ‘योमा’ या भागात तर हे नियम म्हणूनच सांगितले आहे. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, माणूस आणि देव यांच्यामधील अपराधांचे क्षालन करतो, परंतु एका माणसाने दुसऱ्याचा केलेला अपराध, त्या दुसऱ्याची समजूत घातल्याशिवाय, त्या दिवसानेही धुतला जात नाही. जैन परंपरेत क्षमापनेच्या वेळी ‘मिच्छामि दुक्कडम्’, म्हणजे ‘माझे दुष्कृत्य मिथ्या होवो’, हे शब्द समोरच्या माणसाला उद्देशून उच्चारले जातात, ते केवळ मनातल्या मनात म्हणून भागत नाही.

यामागचा विचार सरळ आहे. ज्याचे मन दुखावले, क्षमा करण्याचा अधिकार आधी त्याचा असतो आणि त्याच्या वतीने तो अधिकार आपण परस्पर दुसऱ्या कोणाकडे, अगदी देवाकडेही, सोपवू शकत नाही. देवाजवळ मागितलेली क्षमा व्यर्थ जाते असा याचा अर्थ नव्हे. प्रार्थनेत माणूस स्वतःशी खोटे बोलण्याचे थांबवतो, आपला दोष त्याला स्पष्ट दिसू लागतो आणि मित्रापुढे उभे राहण्याचे बळ त्याच्या अंगी येते. मात्र प्रार्थनेतून उठल्यावर ज्याला मित्राच्या दाराकडे जावेसे वाटत नाही, त्याने आपण प्रार्थनेचा उपयोग तयारीसाठी करत आहोत की सुटकेसाठी, हे तपासून पाहावे. श्रद्धावान माणसाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते, असे माझे ठाम मत आहे. देवाशी सगळे बोलून झाल्यामुळे त्याला इतके हलके वाटते, की मित्राचे ओझे तसेच राहिले आहे, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

चूक दोघांचीही असेल, तर पहिले पाऊल कोणी टाकावे?

ज्याला हा प्रश्न पडला, त्याने टाकावे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दोन ठिकाणे शेजारी ठेवून वाचली, तर ही गोष्ट ठळकपणे पुढे येते. ५व्या अध्यायात, समोरच्याच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर तुम्ही जा, असे म्हटले आहे. १८व्या अध्यायात, भावाने तुमचा अपराध केला असेल तर तुम्ही जा आणि एकांतात त्याची चूक त्याच्या नजरेस आणून द्या, असे म्हटले आहे. म्हणजे अपराध कोणाचाही असो, जाण्याचे काम ऐकणाऱ्यावरच येते. ‘त्याने आधी यावे’ या म्हणण्याला तेथे जागाच ठेवलेली नाही.

प्रेषित मुहंमद यांच्या वचनांच्या, म्हणजे हदीसच्या, ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत हीच गोष्ट अगदी रोजच्या अनुभवातली वाटावी अशा शब्दांत आली आहे. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरणे योग्य नाही. दोघे समोरासमोर येतात, एक इकडे तोंड फिरवतो, दुसरा तिकडे फिरवतो, आणि त्या दोघांत अधिक चांगला तो, जो आधी सलाम करतो. या वचनात राग येण्यालाच मनाई केलेली नाही, हे महत्त्वाचे आहे. राग निवायला थोडा अवधी दिलेला आहे, पण तो मोजका आहे. अबोला लांबला, की मूळ कारण मागे पडते आणि ‘इतके दिवस बोलला नाही’ हाच नवा अपराध होऊन बसतो.

क्षमा केली, म्हणजे मैत्री पूर्वीसारखी झालीच पाहिजे का?

नाही. क्षमा एकट्याने करता येते, मैत्री मात्र दोघांनी मिळूनच सावरावी लागते. समजा, एका मित्राने अडचणीच्या वेळी तुमच्याकडून पैसे घेतले, परत करण्याच्या तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी फोन उचलणेही बंद केले. पुढे त्याने येऊन चूक कबूल केली आणि तुम्ही ती पोटात घातली. याचा अर्थ तुम्ही त्याचे वाईट चिंतणार नाही, चारचौघांत त्याची नालस्ती करणार नाही आणि हा विषय भांडणातले हत्यार म्हणून पुन्हा बाहेर काढणार नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा पैसे दिलेच पाहिजेत, असा त्याचा अर्थ होत नाही. उरलेली रक्कम त्याने परत करावी, ही अपेक्षाही क्षमेमुळे रद्द होत नाही, ती सोडायची असेल तर तसे स्पष्टपणे सांगून सोडावी. क्षमा तुमच्या मनात एका क्षणी ठरू शकते. विश्वास मात्र समोरच्याच्या वागण्यातून, तोही पुष्कळ काळाने, परत येतो, आणि तो मागून मिळत नाही.

मैत्री जुन्या स्वरूपात परत आली नाही, म्हणून आपली क्षमा खोटी होती, असे समजून स्वतःला टोचत राहणारी अनेक माणसे असतात. त्यांनी हा भेद मनाशी नीट धरून ठेवावा. काही मैत्री सलोख्यानंतर पूर्वीपेक्षा घट्ट होतात, तर काहींत रोजचे बोलणे थांबते आणि भेटीत सौजन्य तेवढे राहते. या दोन्हींमध्ये क्षमा खरी असू शकते.

मित्राने माफी मागितलेलीच नाही, उलट त्याला आपली चूकच वाटत नाही. अशा वेळी क्षमा करता येते का?

येथे परंपरांचे उत्तर एकसारखे नाही आणि ते एकसारखे असल्याचे भासवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात ‘त्याने पश्चात्ताप केला, तर त्याला क्षमा कर’ अशी अट दिसते. दुसरीकडे धम्मपदाच्या आरंभीच बुद्ध सांगतात, की ‘त्याने मला शिव्या दिल्या, मला मारले, मला हरवले, मला लुबाडले’ असे जे मनात धरून बसतात त्यांचे वैर शमत नाही, आणि वैराने वैर कधीच शमत नाही, ते अवैरानेच शमते. तेथे समोरच्याच्या पश्चात्तापाची वाट पाहिलेली नाही, कारण मनात धरून बसणाऱ्याचेच त्यात पहिले नुकसान होते.

मला या दोन शिकवणी परस्परविरोधी वाटत नाहीत. दुसरी मनातल्या वैराविषयी बोलते आणि पहिलीत, नात्यात दोघांमध्ये जे घडायचे आहे त्याविषयी सांगितले आहे. माफी न मागणाऱ्या मित्राविषयीचा द्वेष तुम्ही आज सोडू शकता. ‘तुला क्षमा केली’ असे त्याला जाऊन सांगणे मात्र टाळावे. ज्याला आपला अपराधच मान्य नाही, त्याला ते वाक्य आरोपासारखे ऐकू येते आणि नवे भांडण उभे राहते. त्याऐवजी काय खुपले ते एकदा, शांतपणे आणि एकांतात त्याच्या कानावर घालावे. पुष्कळदा असे आढळते, की समोरच्याला खरोखरच काही कल्पना नव्हती.

राग रास्त असतानाही हात आखडता न घेण्याचे एक उदाहरण इस्लामी परंपरेत आहे. प्रेषित मुहंमद यांचे निकटचे सहकारी अबू बक्र यांच्या कन्या आयेशा यांच्यावर आळ घेणाऱ्यांमध्ये मिस्तह नावाचा एक गरीब नातेवाईक होता आणि त्याचा खर्च स्वतः अबू बक्र चालवत असत. यापुढे त्याला काही द्यायचे नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. त्या संदर्भात कुराणातील २४व्या सूरेची २२वी आयत अवतरली, असे परंपरा सांगते. ‘अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी, असे तुम्हाला वाटत नाही का?’ असा प्रश्न तीत आहे. अबू बक्र यांनी मदत पुन्हा सुरू केली. आळ खोटा होता ही गोष्ट मात्र कोणी झाकून ठेवली नाही.

मोठे भांडण झालेले नाही, नुसताच दुरावा आला आहे. येथे क्षमेचा प्रश्न येतो का?

नक्कीच येतो, आणि अशा दुराव्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भगवद्गीतेच्या ११व्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यानंतर अर्जुन कृष्णाची क्षमा मागतो. ती कशाबद्दल मागतो, हे पाहण्यासारखे आहे. मित्र समजून ‘अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या’ असे मी भलतेच बोलून गेलो, खेळताना, विसावताना, बसताना, जेवताना थट्टेत तुझा मान राखला नाही, कधी एकांतात तर कधी चारचौघांत, त्या सगळ्याची मला क्षमा कर, असे तो म्हणतो. पुढे तो आणखी एक विनवणी करतो, की मित्र जसे मित्राचे सोसून घेतो, तसे तू माझे सोसून घे.

मैत्रीतली बरीचशी जखम याच जातीची असते. मित्राच्या शरीरावरून, नोकरीवरून किंवा लग्नावरून इतरांसमोर पुन्हा पुन्हा केलेली थट्टा, त्याच्या वेळेला किंमत न देणे, तो आहेच असे गृहीत धरणे, अशा गोष्टींपैकी कोणतीही एक गोष्ट भांडण्याइतकी मोठी नसते, त्यामुळे तो गप्प राहतो आणि हळूहळू दूर जातो. अशा वेळी ‘काही चुकले असेल तर माफ कर’ असे मोघम न बोलता, आपणच आठवून एखादा प्रसंग नेमका सांगावा. तो प्रसंग आपल्याला आठवतो आहे, एवढ्यानेही समोरच्याचे मन बरेच निवळते.

माफी मागताना नेमके काय बोलावे?

एक उदाहरण जवळून पाहू. मैत्रिणीने तिच्या आजारपणाची गोष्ट विश्वासाने सांगितली होती आणि ती तुम्ही तिसऱ्या व्यक्तीजवळ बोललात. आता ती बोलत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी लिहितात, ‘माझ्या बोलण्याने तुला वाईट वाटले असेल तर सॉरी, पण मी काळजीपोटीच बोलले होते, तुला माहीत आहे मी कशी आहे ते, आणि देवानेही क्षमा करायला सांगितले आहे.’ या एका वाक्यात चार चुका आहेत. ‘वाटले असेल तर’ म्हटल्याने अपराधच संशयास्पद ठरतो, ‘पण’ आल्याबरोबर माफी संपून समर्थन सुरू होते, स्वभावाचा दाखला देऊन सुधारण्याची जबाबदारी टाळली जाते आणि शेवटी तर दुखावलेल्या माणसावरच धर्माचा दाब आणला जातो. हा चौथा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. क्षमेची शिकवण ही ज्याने क्षमा करायची त्याने स्वतःला ऐकवायची असते, अपराध करणाऱ्याने ती दुसऱ्याला ऐकवू नये.

त्याऐवजी असे म्हणता येईल : ‘तू मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी दुसरीकडे बोलले. ते चुकीचे होते. त्यामुळे तुला लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले, हे मला कळते आहे. ज्यांच्याजवळ मी बोलले, त्यांना हा विषय पुढे न नेण्याची विनंती मी केली आहे. तुला लगेच उत्तर द्यावेसे वाटले नाही, तरी मी समजू शकते.’ यात कृत्य, त्याचा परिणाम आणि भरपाई या तिन्हींचा उल्लेख आहे, मागणी मात्र एकही नाही. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मैमोनिडीज यांनी सांगितले आहे, की नुकसानीची भरपाई केली तरी तेवढ्याने अपराध सुटत नाही, मनधरणी करून क्षमा मागावीच लागते. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, कारण जे परत करता येण्यासारखे आहे ते परत न करता केलेली मनधरणी पोकळ ठरते.

हे प्रत्यक्ष भेटून सांगावे की लिहून?

भेटून सांगणे सर्वांत चांगले. समोरचा भेट टाळत असेल, तर लहानसे पत्र किंवा संदेश पाठवावा, कारण त्यामुळे त्याला आपल्या सवडीने विचार करता येतो. समूहात किंवा सर्वांना दिसेल अशा ठिकाणी माफी मागू नये. अपमान चारचौघांत केला असेल, तर मात्र आधी एकांतात माफी मागून, त्याची इच्छा असल्यास, त्याच मंडळींसमोर चूक कबूल करावी. वर्षातून एकदा सर्वांना एकच क्षमायाचनेचा संदेश पाठवण्याची रीत मनाला नम्र करते हे खरे, पण ज्याला आपण खरोखर दुखावले आहे, त्याच्यासाठी वेगळे शब्द लिहावेच लागतात.

क्षमा करूनही तीच चूक पुन्हा पुन्हा होत असेल तर?

भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे येशूचा शिष्य पेत्र याने विचारले, तेव्हा सात वेळा नव्हे, तर साताच्या सत्तर वेळा, असे उत्तर येशूने दिले. हे वचन अनेकदा त्रास सोसणाऱ्यालाच सुनावले जाते. ते ज्या १८व्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात थोडे आधी येशू सांगतो, की अपराध करणारा ऐकत नसेल तर एकदोघांना सोबत न्यावे, तरीही ऐकत नसेल तर मंडळीला, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाला, सांगावे. म्हणजे मोजदाद न ठेवता क्षमा करणे आणि अपराधाला अपराध म्हणणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आहेत.

महाभारताच्या वनपर्वात याविषयी मोठा वाद रंगला आहे. द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते. ‘न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा’, म्हणजे सदैव उग्र असणे हिताचे नाही आणि सदैव क्षमा करणेही हिताचे नाही, असे प्रल्हाद तेथे सांगतो. ज्याने पूर्वी आपल्यावर उपकार केले त्याचा मोठाही अपराध पोटात घालावा, अजाणतेपणी झालेला अपराध सोडून द्यावा, पहिला अपराध सर्वांचाच क्षमा करावा, पण जाणूनबुजून पुन्हा पुन्हा केलेला सोडू नये, असा त्याचा विवेक आहे. त्यावर युधिष्ठिर क्षमेची थोरवी गातो, आणि ग्रंथकाराने दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने मांडू दिल्या आहेत. मैत्रीत तोल ठरवताना, माझ्या मते, प्रल्हादाचे निकष फार उपयोगी पडतात.

मारहाण, धमक्या, लैंगिक छळ किंवा फसवणूक असेल, तर प्रश्न मैत्रीतल्या ताणाचा राहत नाही. अशा वेळी आधी सुरक्षित अंतरावर जावे, विश्वासू माणसांना सांगावे आणि गरज असेल तर कायद्याची मदत घ्यावी. मनातून द्वेष काढून टाकणे आणि तक्रार नोंदवणे या गोष्टी एकाच वेळी करता येतात.

क्षमा केली असे वाटते, पण राग परत परत उसळतो. माझी श्रद्धा कमी पडते आहे का?

नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी निर्णयाने केलेली क्षमा आणि भावनेने झालेली क्षमा असा फरक केला आहे. सूड घेणार नाही, त्याच्याशी माणुसकीने वागेन, हा निर्णय आजच घेता येतो, भावना मात्र आपल्या गतीने मागून येतात. राग परत आला म्हणून निर्णय खोटा ठरत नाही, तो निर्णय त्या दिवशी पुन्हा घ्यावा लागतो इतकेच.

पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोष यांनी मैत्रीभावनेच्या, म्हणजे सर्वांचे कल्याण चिंतण्याच्या, साधनेचा जो क्रम सांगितला, तो येथे मार्गदर्शक आहे. आरंभ स्वतःपासून करायचा, मग आदरणीय व प्रिय व्यक्ती, मग तटस्थ व्यक्ती आणि सर्वांत शेवटी वैर असलेली व्यक्ती. पहिल्याच दिवशी दुखावणाऱ्या मित्राचे कल्याण चिंतता आले नाही, तर क्रमातला एक टप्पा मागे यावे. प्रार्थना करणाऱ्यांनी ‘त्याला सुबुद्धी दे’ असे न म्हणता त्याची एखादी खरी गरज, त्याच्या आईची प्रकृती किंवा त्याच्या मुलाची परीक्षा, प्रार्थनेत आणून पाहावी. सुबुद्धी मागणाऱ्या प्रार्थनेत राग लपून राहू शकतो.

मी मनापासून माफी मागितली, पण मित्र क्षमा करायला तयार नाही. आता काय करावे?

मैमोनिडीज यांच्या मते प्रत्येक वेळी तीन मित्रांना सोबत घेऊन एकूण तीनदा जावे, आणि तरीही क्षमा मिळाली नाही तर माघार घ्यावी. संख्या शब्दशः पाळावी असे नाही, पण तिच्यातला विवेक मोलाचा आहे. एकदा विचारून हात झटकू नयेत आणि जन्मभर पाठलागही करू नये. मित्राला नकार देण्याचा हक्क आहे. तुमची माफी खरी असेल, तर ती त्या नकारानेही मागे घेतली जात नाही.

काही दुरावे वर्षानुवर्षांनी मिटतात. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात पौल आणि बर्णबा हे दोन निकटचे सहकारी, आरंभीचे ख्रिस्ती धर्मप्रचारक, मार्क या साथीदाराला सोबत न्यावे की नाही, यावरून इतके भांडले, की त्यांचे मार्ग वेगळे झाले. मार्क आधीच्या प्रवासात साथ सोडून गेला होता. तेथे समेटाचे वर्णन नाही. मात्र पुढे, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौल सांगतो.

मित्राची श्रद्धा वेगळी आहे किंवा तो देव मानत नाही. त्याच्याशी कसे बोलावे?

साध्या माणुसकीच्या भाषेत बोलावे. जाण्याचे बळ तुम्हाला श्रद्धेतून मिळाले असेल, तर ते तुमच्याजवळ राहू द्यावे, त्याला वचने ऐकवू नयेत. भांडण श्रद्धेवरूनच झाले असेल, तर मत बदलण्याची अट समेटात घालू नये. टोचून बोललेल्या शब्दांची माफी मागता येते आणि मतभेद तसाच ठेवून मैत्री राखता येते.

ज्याची माफी मागायची, तो मित्र आता या जगातच नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनावरचे ओझे फार मोठे असते. मैमोनिडीज यांनी सांगितलेली रीत अशी आहे, की दहा जणांना सोबत घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे, आपला अपराध त्यांच्यासमोर मोठ्याने कबूल करावा आणि त्याचे काही देणे लागत असल्यास ते वारसांना द्यावे. यातल्या दोन्ही गोष्टी कोणत्याही श्रद्धेच्या माणसाला करण्यासारख्या आहेत. अपराध निदान एका जिवंत माणसासमोर बोलून दाखवावा, आणि जे देणे उरले असेल, मग ते पैशाचे असो, एखाद्या वस्तूचे असो वा त्याच्याविषयी पसरवलेल्या चुकीच्या गोष्टीच्या दुरुस्तीचे असो, ते त्याच्या माणसांपर्यंत पोहोचवावे.

आमचा समेट झाला. इतरांना काय सांगावे?

रागाच्या काळात ज्यांच्या ज्यांच्याजवळ तुम्ही मित्राविषयी तक्रार केली, त्यांना प्रत्येकाला ‘आमच्यातले मिटले आहे आणि मी तेव्हा जे बोललो त्यातले हे हे योग्य नव्हते’ एवढे आवर्जून सांगावे. तपशील देऊ नयेत. ही पायरी जवळजवळ सर्वच जण विसरतात, आणि मग आपण क्षमा केलेल्या माणसाकडे आपलेच नातेवाईक आणि मित्र वर्षानुवर्षे संशयाने पाहत राहतात.